आधी वाचायला शिकवायला शिका

‘लर्निंग डिसॅबिलिटीच्या मुलांना शिकवायचं काम करायचंय, कोणता कोर्स करू?’ हा प्रश्न आता सिल्वासापुरता राहिलेला नाही. रांधा, किलवणी, गलोंडा या बाजूच्या गावांतूनही तो येतो. विचारणारी बहुधा नुकतीच बी.ए. झालेली मुलगी असते, नाहीतर खासगी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवणारा एखादा तरुण. कोणी 2007 सालचा ‘तारे जमीं पर’ पाहून भारावलेले असते, कोणाच्या घरातच असे मूल असते. भारावलेपण वाईट नाही. पण सिनेमातल्या निकुंभ सरांनी सुटीच्या आत मुलाला वाचते केले, तसे प्रत्यक्षात होत नाही. इथे दोन-तीन वर्षे आठवड्यातून तीनदा तेच मूल, तेच जोडाक्षर आणि तीच खाडाखोड समोर येते. या चिकाटीचा कंटाळा येणार असेल तर लेख इथेच बाजूला ठेवावा, पुढचे सगळे त्या चिकाटीवरच उभे आहे.

आधी काम कोणाबरोबरचे आहे ते पाहू. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाची बुद्धी सर्वसाधारण असते, कधी तल्लखही असते. डोळे आणि कान ठीक असतात, शाळेत जाणेही नियमित असते. तरीही वाचन, लेखन किंवा गणित यांतले एखादे अंग वयाच्या मानाने फार मागे राहते. वाचनात अडले तर डिस्लेक्सिया, लिहिण्यात अडले तर डिसग्राफिया, आकड्यांत अडले तर डिसकॅल्क्युलिया. पुष्कळदा हे घराण्यात चालत आलेले असते. मुलाला शिकवणी लावायला आलेला बाप ‘मलाही शाळेत हेच व्हायचं’ असे हळूच सांगून जातो. औषधाने हे जात नाही. नीट बांधलेल्या अध्यापनाने मूल वाचायला लागते, आणि त्या अध्यापनालाच रेमेडियल किंवा शैक्षणिक थेरपी म्हणतात. अमेरिकेत या व्यवसायाची संघटना 1979 मध्ये झाली. आपल्याकडे हे काम स्पेशल एज्युकेटर करतो.

पाठ्यपुस्तकातली ही व्याख्या रांध्याच्या वर्गात पाऊल ठेवताच अपुरी पडते. कारण ‘नियमित शाळा’, ‘पुरेसे अध्यापन’ आणि ‘ओळखीची भाषा’ या तीन गोष्टी ती गृहीत धरते. दादरा आणि नगर हवेलीत 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 3,43,709, आणि तिच्यात निम्म्याहून अधिक आदिवासी. घरात वारली, कोकणा किंवा धोडिया बोलली जाते. शाळेचे माध्यम गुजराती, मराठी, हिंदी किंवा इंग्रजी. औद्योगिक वसाहतींत बाहेरून आलेल्या कामगारांची मुले पुन्हा वेगळीच भाषा घेऊन येतात. अशा वर्गात मागच्या बाकावर वाचता न येणारी पाच मुले बसली असतील, तर पाचही सारखीच दिसतात. एकाच्या घरची भाषा शाळेत कोणी बोलत नाही. एकाला दूरचे दिसत नाही आणि चष्मा कोणी दिलेला नाही. एकाला सिकलसेल आहे, सांधे दुखले की तो आठवडा-आठवडा घरी असतो. एकाला पहिली-दुसरीत कोणी धड शिकवलेलेच नाही. आणि पाचव्याला खरोखर डिस्लेक्सिया आहे. सीमेपलीकडच्या जव्हार-मोखाड्यात आणखी एक सहावे मूल भेटेल, जे दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाते.

या व्यवसायाची खरी कसोटी ही पाच मुले वेगळी ओळखण्यात आहे. मुंबईच्या उपनगरातल्या स्पेशल एज्युकेटरला हा प्रश्न इतका भेडसावत नाही, तिच्याकडे आलेले मूल बहुधा चाळण्या पार करून आलेले असते. इथे पहिली चाळणी तुम्हीच. म्हणून माझा सल्ला थोडा उलटा आहे. अक्षमतेचा अभ्यास सुरू करण्याआधी साध्या, कोणतीही अडचण नसलेल्या मुलाला वाचायला कसे शिकवतात ते शिका. निदान दहा-पंधरा मुलांना पहिल्या अक्षरापासून गोष्टीच्या पुस्तकापर्यंत स्वतः आणा. सरळ वाढ कशी असते हे डोळ्यांखालून गेले नसेल तर वाकडी ओळखायची कशी?

त्यासाठी लांब जायला नको. वापीहून रेल्वेने डहाणू रोड साधारण तासाभरावर. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणातच शाळा भरवण्याची कल्पना तिथलीच. अनुताईंनीच 1982 मध्ये ग्राममंगल उभी केली. रमेश पानसे यांच्या मार्गदर्शनाखाली डहाणू तालुक्यातल्या ऐने गावात तिचे वारली मुलांबरोबरचे काम वाढले. वाडा तालुक्यात सोनाळ्याला नीलेश निमकर यांनी 2007 मध्ये सुरू केलेली क्वेस्ट ही संस्था प्रारंभिक वाचन-लेखनावर काम करते. 2011 ते 2016 या काळात भारतीय भाषांतल्या साक्षरतेचा जो दीर्घ अभ्यास झाला, त्यातला मराठीचा भाग याच वाड्यात झाला, कन्नडचा यादगीरमध्ये. यांतली कोणतीही संस्था तुम्हाला ‘एलडी’चे प्रमाणपत्र देणार नाही. वारली घरातून आलेले मूल मराठी अक्षरापर्यंत कसे पोचते, याची समज मात्र तिथे जितकी साठली आहे तितकी फार थोड्या ठिकाणी सापडेल. भिंतीवर वारली चित्रे काढली म्हणजे शाळा वारली मुलांची झाली असे समजणाऱ्यांनी तर आवर्जून जावे.

आता एक वही उघडून पाहू, कारण रोजचे काम वहीतच असते.

समजा, तिसरीतल्या मुलाला दहा शब्द घातले. त्याने ‘पाणी’चे ‘पानी’ केले आणि ‘बाण’चे ‘बान’. शाळेत यावर लाल रेघ पडते. पण ‘ण’ जिथे जिथे आला तिथे तिथे त्याने ‘न’ लिहिला आहे, एकदाही चुकून ‘ल’ किंवा ‘म’ नाही. घरी जसे बोलतात तसे त्याने कानाने ऐकून नेमके उतरवले. या मुलाचे कान आणि अक्षर यांचा सांधा पक्का आहे, त्याला शाळेची बोली ऐकवण्याची गरज आहे. दुसऱ्या वहीत ‘पाणी’ एका ओळीत ‘पणी’, खाली ‘पिणा’ आणि पुढच्या पानावर ‘पान’. ‘किल्ला’चे ‘कला’, ‘प्रकाश’चे ‘पकश’. एकच शब्द तीनदा तीन तऱ्हांनी, मात्रा कुठेही, जोडाक्षर गळालेले, आणि ‘भ-म’, ‘ध-घ’ यांची अदलाबदल वर्षभर शिकवूनही तशीच. इथे थांबून पाहायला हवे. या मुलाला ‘कमळ’ शब्दातला पहिला आवाज काढून टाकला तर काय उरते ते विचारा. ‘मळ’ हे उत्तर बहुतेक मुले खेळत देतात. ज्याला ते महिनाभर सरावानंतरही जमत नाही, त्याच्या बाबतीत शंका घ्यायला जागा आहे. अर्थात शंकाच, निदान नव्हे.

देवनागरीची स्वतःची काही वळणे आहेत आणि इंग्रजी पुस्तकांवरून तयार केलेल्या साहित्यात ती सापडत नाहीत. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि उच्चारायची मात्र नंतर. ‘र’ची रूपे पाहा: ‘प्र’मध्ये तो खाली, ‘र्क’मध्ये डोक्यावर, ‘ट्र’मध्ये आणखी तिसराच. व्यंजनाच्या वर, खाली, मागे, पुढे चारी बाजूंना स्वरचिन्हे. मुळाक्षरे तोंडपाठ असलेले मूल बाराखडीत का अडकते, याचे उत्तर बरेचसे यात आहे. दुसरीकडे मराठीची एक सोयही आहे: बव्हंशी जसे लिहितो तसे वाचतो. त्यामुळे मराठीत डिस्लेक्सिया असलेले मूल इंग्रजीइतके चुकत नाही, ते संथ वाचते. अक्षर-अक्षर लावत ओळीच्या शेवटी पोचते तोवर सुरुवात विसरलेले असते. चुका मोजणाऱ्या शिक्षकाच्या नजरेतून ते निसटते, आणि इंग्रजीचा भार वाढला की एकदम ‘नापास’ म्हणून समोर येते. म्हणून चुकांबरोबर वेळही मोजा. एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले, याची तारखेसह नोंद हे तुमचे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी साधन.

उपचाराची पद्धत कागदावर साधीच आहे. सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजीसाठी जी घडी बसवली, तिचे सूत्र मराठीलाही लागू पडते: एका वेळी एक गोष्ट, सोप्याकडून अवघडाकडे, आणि डोळे, कान, तोंड, हात सगळे एकदम कामाला लावून. ताटात रवा पसरून बोटाने ‘की’ काढायची, काढताना मोठ्याने म्हणायची, मग डोळे मिटून पुन्हा. शब्दाचे तुकडे टाळ्यांवर पाडायचे. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा तास असेल तर आधी कालची उजळणी, मग एकच नवी गोष्ट, तिचे शब्द, थोडे श्रुतलेखन, आणि शेवटी मूल स्वतः वाचू शकेल असा उतारा. शेवट नेहमी जमणाऱ्या गोष्टीने करावा. दिवसभर शाळेत न जमणारेच त्याच्या वाट्याला आलेले असते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, कोर्सकडे येऊ. इथे मात्र घाई करू नका, कारण पैसे आणि वर्षे याच ठिकाणी वाया जातात.

भारतात विशेष शिक्षकाचे काम 1992 च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याखाली येते. परिषदेच्या म्हणजे आरसीआयच्या मान्यतेची पात्रता मिळवून केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव लागले की तुम्हाला या क्षेत्रात अधिकृतपणे काम करता येते. नोंदणीशिवाय असा व्यवसाय करणे हा कायद्याने गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही. नोंदणीचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी मान्य कार्यशाळांना हजर राहून गुण मिळवावे लागतात. अध्ययन अक्षमतेसाठी रूढ वाट म्हणजे पदवीनंतरचा दोन वर्षांचा बी.एड. विशेष शिक्षण, त्यात लर्निंग डिसॅबिलिटी हा विशेष विषय. पदवीला सर्वसाधारणपणे पन्नास टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना सूट असते. बारावीनंतरचे डी.एड. विशेष शिक्षणही आहे, ते श्रवण, दृष्टी, बौद्धिक अक्षमता अशा शाखांत विभागलेले आहे, तेव्हा शाखा पाहूनच अर्ज करा.

मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या जुहू आवारात विशेष शिक्षणाचा जुना विभाग आहे. रांध्याच्या मुलीला तो वापीहून गाडीने जाऊन पाहून येण्याइतका जवळ आहे. रोजचे जाणे-येणे मात्र झेपणार नाही, वसतिगृहाची चौकशी प्रवेशअर्जाआधीच करा. वांद्र्याची अली यावर जंग संस्था नावाजलेली खरी, पण ती वाचा आणि श्रवण दोषांसाठी आहे. केंद्र सरकारची संस्था म्हणजे सगळेच शिकवत असेल असे धरून चालू नका.

आपल्या भागातल्या विद्यार्थ्यांना ऐनवेळी धक्का देणारी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. दादरा आणि नगर हवेलीचा अनुसूचित जमातीचा दाखला महाराष्ट्राच्या किंवा गुजरातच्या राखीव जागांवर चालत नाही, जमात दोन्हीकडे यादीत असली तरी. त्या जागा त्या त्या राज्याच्या रहिवाशांसाठी असतात. तुम्हाला बहुधा खुल्या किंवा राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांच्या जागेतून जावे लागेल. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी मात्र शिकायला कुठेही गेलात तरी अर्ज आपल्याच प्रदेशातून करायचा असतो. प्रवेशाच्या आधी सिल्वासात समाजकल्याण खात्यात जाऊन त्या वर्षीचे नियम लेखी घ्या.

तीन महिन्यांचे, सहा महिन्यांचे ‘रेमेडियल टीचिंग’चे कोर्स पुष्कळ निघाले आहेत. काही खरोखर चांगले आहेत. 1996 मध्ये स्थापन झालेली महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन आणि 2001 पासून मुंबईत काम करणारी उम्मीद ही बालविकास संस्था, अशांकडे शिकलेल्या माणसाचा हात वेगळा चालतो. पण आरसीआयची मान्यता नसलेला छोटा कोर्स हात तयार करतो, नोंदणी क्रमांक देत नाही. पदवी आणि नोंदणी आधी, असे कोर्स त्यानंतर. दोन महिन्यांत ‘सर्टिफाइड थेरपिस्ट’ बनवण्याची जाहिरात दिसली तर पान उलटावे.

तुमचा अधिकार कुठे संपतो हेही नीट कळले पाहिजे. ‘तुमच्या मुलाला डिस्लेक्सिया आहे’ असे पालकांना सांगणे तुमचे काम नाही. बुद्धिमापन नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञाने करायचे. आपल्याकडे अजूनही वापरली जाणारी मालिन यांची मुलांसाठीची बुद्धिमापन श्रेणी 1969 ची, आणि ती घडली नागपूरच्या बाल मार्गदर्शन केंद्रात. वाचन-लेखन-गणिताची शैक्षणिक चाचणी स्पेशल एज्युकेटर करू शकतो. प्राथमिक चाळणीसाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेले ‘डाली’ हे साधन मराठी, हिंदी, कन्नड आणि इंग्रजीत आहे, त्यातली मराठी आवृत्ती अभ्यासून ठेवा. मात्र घरी वारली बोलणाऱ्या मुलाला मराठी चाचणी लावली, तर आलेला आकडा कशाचा आहे याचा दहादा विचार करा.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा, एप्रिल 2017 पासून लागू. त्यातल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, आणि अशी मुले लवकर ओळखून त्यांच्यासाठी योग्य अध्यापन करण्याची जबाबदारी कायदा शिक्षणसंस्थांवर टाकतो. केंद्राच्या सूचनांप्रमाणे प्रमाणपत्र आठ वर्षांनंतरच मिळते आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. सहा वर्षांच्या मुलाला कोणी ‘एलडीचा दाखला’ काढून देतो म्हणाला, तर पालकांना तिथून परत आणा. सिल्वासातल्या चौकशीची सुरुवात श्री विनोबा भावे नागरी रुग्णालयातून करावी. मुंबईत शीव, केईएम आणि नायर या पालिका रुग्णालयांत हे काम बऱ्याच वर्षांपासून चालते. दाखल्याचा उपयोग परीक्षेत होतो: तासाला वीस मिनिटे जादा वेळ, लेखनिक, मंडळाच्या नियमांनुसार भाषा किंवा गणितात सवलत. महाराष्ट्राच्या दहावी-बारावी मंडळाने अशा सवलती 1996 पासून दिल्या आहेत. पण सवलत म्हणजे शिकवणे नव्हे. लेखनिक मिळाला म्हणून वाचनाचे तास बंद करणारे पालक तुम्हाला भेटतील, त्यांना हे शांतपणे आणि पुन्हा पुन्हा सांगावे लागेल.

नोकरीच्या वाटा वाढत आहेत, पण सरळ नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 च्या निकालात सर्वसाधारण शाळांमध्ये विशेष शिक्षकांचे प्रमाण घालून दिले: प्राथमिकला दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक, माध्यमिकला पंधरांमागे एक. त्यानंतर 2025 मध्ये राज्यांना आणि केंद्रशासित प्रदेशांना पदे जाहीर करून भरण्यास पुन्हा बजावले. म्हणजे पदे निघणार. तरी समग्र शिक्षा अभियानातली पुष्कळ पदे कंत्राटी असतात आणि एका शिक्षकाला अनेक शाळा फिराव्या लागतात. फिरतीचा भत्ता मिळतो का, कंत्राट किती महिन्यांचे, हे रुजू होण्यापूर्वी विचारायला लाजू नका. नियमित पदासाठी टीईटी किंवा सीटीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षाही मागतात, ती परीक्षा बी.एड. चालू असतानाच देऊन टाका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांतही विशेष शिक्षकाचे पद असते. या कार्यक्रमात तपासायच्या तीस आजार-दोषांत अध्ययनातल्या अडचणीही येतात. सिल्वासा-वापी पट्ट्यातल्या खासगी इंग्रजी शाळांत रिसोर्स रूमची मागणी वाढते आहे. पगार तिथेच बरा असतो.

स्वतःचे केंद्र काढायचे असेल तर पहिली दोन-तीन वर्षे एखाद्या अनुभवी माणसाच्या हाताखाली काढा. फी सुरुवातीला स्पष्ट सांगा, दर तीन महिन्यांनी मुलाच्या नोंदी पालकांसमोर ठेवा, आणि ‘सहा महिन्यांत बरा करतो’ हे वाक्य कधीही उच्चारू नका. रांध्यासारख्या गावात एक गोष्ट अधिक: मुलाची फाइल म्हणजे गावातली बातमी होता कामा नये. दुकानात, लग्नात कोणी ‘त्याच्या पोराला काय झालंय?’ विचारेल, तेव्हा तुम्हाला काही माहीत नाही.

तुमच्याकडे आणखी एक भांडवल आहे आणि त्याची किंमत कोणत्याही जाहिरातीत लिहिलेली नसते. तुम्हाला वारली, कोकणा किंवा धोडिया येते. मुंबईहून येणाऱ्या कितीही शिकलेल्या तज्ज्ञाला मुलाची अडचण भाषेची की वाचनाची हे ठरवण्यासाठी दुभाषा लागेल, तुम्हाला नाही. ही भाषा घरचीच म्हणून अर्जात लिहायची राहून जाते. मुलाखतीत ती पहिल्यांदा सांगा.

पुढच्या प्रवेशांच्या आधी तीन कामे करून ठेवा. शाळेत किंवा अंगणवाडीत जाऊन काही महिने मुलांना वाचायला शिकवा आणि वही ठेवा. पदवीचे गुणपत्रक आणि जातीचा, रहिवासाचा दाखला अद्ययावत करा. आणि ज्या महाविद्यालयात जाणार त्याचे नाव, अभ्यासक्रम आणि त्या वर्षाची मान्यता पुनर्वास परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीत स्वतः पाहा. यादीत नाव नसेल तर फी भरू नका, सांगणारा कितीही ओळखीचा असो.